दुसरा सांगावा

पहिला सांगावा आला तेव्हा मंजुळा अशी रडली की लिंबागणेशातल्या तिच्या माहेरच्या गल्लीत दुपारपर्यंत कुणी चूल पेटवली नाही. दुसरा आला तेव्हा ती हसली. आणि त्या हसण्यावरून तिला जन्मभर कैदेत घालायचं की गळ्यात दोर अडकवायचा, एवढंच आता ठरायचं राहिलं होतं.

ती हसली का, हे सांगायचं तर आधी कावळ्याचं सांगावं लागतं.

पौषातला बुधवार. मंजुळेचा नवरा त्रिंबक आपल्या अंगणात उकिडवा बसून दगडावर विळा घासत होता. वाडी पाटोद्याच्या अलीकडची, तीस-बत्तीस उंबऱ्यांची. कुठूनसा एक कावळा आला आणि सरळ त्याच्या डोक्यावर बसला. मुंडासं बाजूला ठेवलेलं, नख्या टाळूला लागल्या. त्रिंबकानं हात झाडला, कावळा उडाला, त्रिंबक हसला. पण त्याची थोरली बहीण छबुबाई, नवरा वारल्यापासून भावाच्याच घरी राहणारी, हातातली परात टाकून उठली. डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण येऊन जागा बघून गेलं. त्या मुलखात यावर तोड एकच. ज्याच्या डोक्यावर बसला तो मेला, असा खोटा सांगावा त्याच्या जिवाच्या माणसाकडं धाडायचा. त्या माणसानं खरं समजून रडायचं, ऊर फुटेस्तोवर, दिवस मावळेस्तोवर. मरणाला वाटतं, रडणं झालं, म्हणजे आपलं इथलं काम झालं. ते पुढच्या गावाला जातं. दिवस मावळला की सांगावा आणणाऱ्यानंच म्हणायचं, 'खोटं हाय'. मग तोंड धुवायचं, गूळ खायचा आणि त्या गोष्टीचं पुन्हा नाव काढायचं नाही. नाव काढलं की मरणाला कळतं आपल्याला फसवलं, आणि ते परत फिरतं.

मरणाला रडण्याच्या आवाजापलीकडं काही कळत नाही, असं ज्या माणसांनी ठरवून टाकलं, तीच माणसं पुढं खुनाचा न्याय करायला बसली. आता त्यांच्याकडून दुसरं काय व्हायचं होतं?

मंजुळा संक्रांतीसाठी माहेरी आलेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, पण नवरा-बायकोचं असं जमायचं की छबुबाईला कधी कधी आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटे. तेव्हा सांगावा जायचा तर तिच्याकडंच.

सांगावा न्यायचा महारानं. मेलेल्याच्या घरचे रडायला बसतात आणि महार चालायला लागतो, असा तो नेम. ऊन असो, थंडी असो, पोटात काही असो-नसो. सटवा महार गुरुवारी तांबडं फुटायच्या आत निघाला आणि उन्हं अंगणात उतरली तेव्हा लिंबागणेशात मंजुळेच्या दारासमोर उभा राहिला. मरणाचा सांगावा आणणारा रामराम घालत नाही, पाणी मागत नाही. सटवानं काठी आडवी धरली आणि मान खाली घालून म्हटलं, "बाई, त्रिंबक गेले."

मंजुळा उंबऱ्यावरच बसली. मग तिनं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले, हिरवा चुडा फुटून काचा अंगणभर उडाल्या. कुंकू तिनं आपल्याच तळहातानं पुसलं. आणि रडली. नुसती नाही, बोलून बोलून रडली. त्यांची कणसं खुडायची डाव्या हाताची सवय, भाकरीचा पापुद्रा आधी मला द्यायचं, झोपेत बैलाला हाका मारायचं, एकेक काढून रडली. बायका जमल्या, त्या आपापली मेलेली माणसं आठवून रडल्या. आई सावित्रीबाई भिंतीला डोकं लावून बसली.

सटवा समोरच्या लिंबाखाली बसला होता. दिवस मावळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे त्याला छबुबाईनं तीनदा बजावलेलं. पण सटवाची दोन पोरं प्लेगात गेली होती. हे असलं रडणं त्यानं आपल्या घरात ऐकलं होतं आणि ते खोटं आहे असं सांगायला तेव्हा कुणी आलं नव्हतं. सूर्य डोक्यावर आला आणि त्याला राहवेना. उठला, पुढं आला.

"बाई, पुरं. पुरं करा. खोटं हाय. कावळा बसलाता डोस्क्यावर. धनी तिकडं विळा घासायलेत."

मंजुळेनं वर बघितलं. सगळं अंगण पाण्याखालून बघितल्यासारखं हलत होतं. त्यातून सटवाचा चेहरा हळूहळू वर आला, आणि तो रडत रडत हसत होता. तशी तीही हसली. गल्ली हसली. सावित्रीबाईनं आधी सटवाला शिव्या घातल्या, मग गूळ दिला, आणि सवाष्णीचे हात उघडे नकोत म्हणून डब्यातल्या जुन्या दोन-दोन बांगड्या लेकीच्या हातांत सरकवल्या.

"सटवाबाबा," मंजुळा नाक पुसत म्हणाली. त्याला सगळी वाडी 'ए सटव्या' म्हणे, बाबा म्हणणारी ही एकटी. "त्येंला म्हणावं, चुडा तुमच्या पायी फुटला, भरायलाबी तुमीच या. रिकाम्या हातानं मी काय सासरी यायची न्हाई. चार-पाच दिसांत या म्हणावं. आणि एकटेच या, वन्सांला संगं आणू नगा."

सटवानं निरोप जसाच्या तसा पोचवला. त्रिंबक सोमवारी निघाला.

गुरुवारी दुपारी, म्हणजे पहिल्या सांगाव्याला बरोबर आठ दिवस झाले तेव्हा, मंजुळा अंगणात ऊन खात भाकरी खात बसली होती. भाजलेलं वांगं, वर कच्चं तेल. तिनं सटवाला गल्लीच्या तोंडालाच ओळखलं. तो जवळ आला. रामराम नाही. काठी आडवी धरली.

"बाई, त्रिंबक गेले."

मंजुळा खळखळून हसली. "आता काय बसलं डोस्क्यावर? घुबड का? का बायकोकडनं रडून घ्यायचीच हौस हाय त्येंला?" तिनं पुढचा घास मोडला. "टेका सटवाबाबा. ह्या बारीला म्या न्हाई रडायची जा, गूळ मातर देते."

सटवाचं तोंड उघडं राहिलं. त्याला सांगायचं होतं की ह्या वेळी खोटं नाही. पण तो शब्द त्याच्या तोंडून एकदा निघालेला, दुपारी, दिवस मावळायच्या आत. त्यानं अर्ध्यात थांबवलेलं रडणं मरणाला पुरलं नव्हतं. म्हणजे मारणारा कोण, तर आपणच, असं तो सगळ्या वाटेनं स्वतःला सांगत आला होता. त्याच्यानं बोलवेना. तो वळला आणि पाणीही न पिता चालू लागला.

त्याची पाठ बघून सावित्रीबाईला कळलं. गल्लीतल्या बायकांना कळलं. मंजुळेला नाही कळलं. तिनं उरलेली भाकरी खाल्ली आणि ताट घासून उपडं घातलं.

भावानं तिला गाडीत घालून वाडीला आणलं. वाटभर धुकं होतं, ज्वारीची कणसं धुक्यातून वाकून बघत होती, आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज पुढून न येता मागून आल्यासारखा वाटत होता. वाडी नि लिंबागणेशाच्या मधल्या घाटाच्या उतारावर, ओढ्यात त्रिंबक पालथा सापडला होता, डोकं दगडानं ठेचलेलं. दोन दिवसांचं मढं म्हणून धोंडीराम पाटलानं पंचनामा लिहिला आणि तिथंच अग्नी दिला. मंजुळेला दाखवायला शिल्लक होती ती राख, आणि राखेवर कुणाचं नाव नसतं.

घरात छबुबाई छाती पिटत होती. त्रिंबकाचा चुलतभाऊ बंकट अंगणात गडबडा लोळत होता, दोघं धरायला लागत. असं रडणं गावानं बघितलं नव्हतं. म्हातारे म्हणत, भाऊ असावा तर असा. आणि मंजुळा? तिनं पदर खोचला आणि अंगण झाडलं. त्रिंबकानं अर्धा घासून ठेवलेला विळा भिंतीला होता, तो घेऊन ती दगडापाशी बसली आणि घासू लागली. ते पाणी, तो दगड, ते खर्र-खर्र. डोळे मिटले की वाटे, आवाज आपल्या हातातून नाही, शेजारून येतोय.

सटवा वाटेनं जाताना दिसला की ती दारातून त्याच्याकडं बघून हसे. आता म्हणेल. आता काठी टाकेल नि म्हणेल, पुरं बाई. सटवा मान खाली घालून जाई. असेल, ह्या बारीला दिवस मावळेपर्यंत थांबायचं ठरवलं असेल. मग दिवस मावळे. मग वाटे, उद्याचा.

गावानं ते हसणं बघितलं. लिंबागणेशातलं हसणं, भाकरी, वांगं आणि वरचं तेलसुद्धा वाडीत येऊन पोचलं होतं. चौथ्या दिवशी बीडहून पोलिसाचे अमीनसाहेब आले, घोड्यावर, बरोबर दोन जवान आणि दप्तर घेतलेला मुहर्रिर, लिहिणारा कारकून. मूळ हैदराबादचे. माणूस काही वाईट नव्हता. त्यांची आई वारली तेव्हा त्यांच्या बहिणी सात दिवस रडल्या होत्या, आणि बाईचं दुःख म्हणजे काय ते तेव्हाच आपल्याला कळलं, अशी त्यांची पक्की समजूत होती. असल्या समजुती घेऊन माणसं फाशी देत फिरतात.

चावडीला बोलावणं आलं तशी छबुबाईनं मंजुळेला माजघरात ओढलं.

"मंजे, ऐक. तिथं गेल्यावर रड. पाय धर साहेबाचे आन रड. पाटील म्हणत होता, बाई रडली तर साहेब सोडतील. न्हाई रडलीस तर नेतील बांधून."

"न्हाई वन्सं."

"कावून न्हाई? दगड हाय का तुझ्या छातीत? माझा भाऊ गेला गं!"

मंजुळा तिच्याकडं बघत राहिली. छबुबाईच्या चेहऱ्यामागं तिला दुसराच चेहरा दिसत होता, विळ्यावर वाकलेला.

"वन्सं, मागच्या बारीला म्या दुपारपातुर रडले. अर्धं रडणं माझ्यापाशी शिल्लक हाय. त्ये जवर माझ्याजवळ हाय तवर त्ये कुटं गेले न्हाईत. त्ये मी देऊन टाकलं तर त्ये खरंच जातील."

छबुबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. "गप! नाव काढू नगं त्याचं! आणिक एक मढं पाडायचंय का?"

चावडीत अमीनसाहेब खुर्चीवर, पाटील सतरंजीवर, गाव जिथं जागा मिळेल तिथं. मंजुळा खांबाला टेकून. सटवा पायऱ्यांच्या खाली, धुळीत, त्याची जागा तीच.

"खबर आई तो हँसी थी क्या?" अमिनांनी विचारलं.

"हसली साहेब," धोंडीराम पाटील म्हणाला. "सारी गल्ली साक्षीला हाय."

"खाना खाई?"

"पुरी भाकर."

"चुडियां?"

"नव्या घातलेल्या, साहेब. नवरा मरायच्या आदीच. जुना चुडा कुटं गेला त्ये कुणाला ठावं न्हाई."

मुहर्रिराची लेखणी उजवीकडून डावीकडं चालली होती. मंजुळेला ती मुंग्यांची रांग वाटली, तिच्याकडूनच निघून कुठंतरी वारुळात जाणारी.

"घाट के रस्ते से उसको बुलाया कौन?"

सगळ्यांनी मंजुळेकडं बघितलं. "ह्याच बाईनं," पाटील म्हणाला. "सांगून धाडलं, चार-पाच दिसांत या. एकटेच या."

"क्यों?"

कुणी बोललं नाही. का ते सगळ्यांना माहीत होतं. कावळा बसलेला वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होता. खोटा सांगावा गेला तेव्हा सटवाच्या पदरात भाकरी बांधून देणारी बाई तिथं तिसऱ्या ओळीत बसली होती. पण नाव काढायचं नाही. नाव काढलं आणि उद्या आपल्या घरात कुणी दगावलं तर? एका बाईला दोर लागेल तो लागेल, तो सरकारनं लावलेला. हे मरण मात्र आपण ओढवून घेतलेलं. असा हिशोब प्रत्येकानं मनात केला आणि सगळ्यांचा सारखाच आला.

"साहेब, बघा तरी," बंकट मधेच ओरडला आणि कपाळ फरशीवर आपटून रडू लागला. "माझा भाऊ ग्येला आन ही बया खांबाला टेकून बघतीय!"

अमीनसाहेबांनी मान हलवली. हे दुःख त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी जवानाकडं बघितलं. जवानानं बेडी काढली. लोखंडाचा आवाज झाला.

"सरकार, दोन सांगावे व्हते."

आवाज पायऱ्यांखालून आला. सटवा उभा राहिला होता.

"गप बे!" पाटील म्हणाला.

"न्हाई मायबाप, आता न्हाई गप बसत. दोन व्हते. पैला खोटा. त्रिंबकाच्या डोस्क्यावर कावळा बसला म्हणून गावानं मला खोटं सांगाया धाडलं. बाईनं चुडा तवाच फोडला. रडायचं त्ये तवाच रडली. दुसरा खरा आला, तिला तोबी खोटाच वाटला. आन चुडा भराया या म्हणून बोलीवलं, दुसरं काय न्हाई."

अमिनांनी पाटलाला विचारलं, ऐसा रिवाज है क्या तुम्हारे में?

धोंडीराम पाटलानं तोंडावरची सुरकुतीही हलू दिली नाही. "न्हाई साहेब. असलं अडाणी आमच्यात काय न्हाई. महार हाय, पिऊन बरळतंय."

साहेबांनी गावाला विचारलं. तिसऱ्या ओळीतली बाई 'न्हाई' म्हणाली. म्हातारे 'न्हाई' म्हणाले. छबुबाईकडं नजर गेली तशी तिनं पदर तोंडावर ओढला, आणि पदराच्या आतून आलं ते 'न्हाई'च असावं.

सटवानं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मग जे आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. चावडीच्या पायऱ्या चढला. 'बाटवली, बाटवली' असा गलका झाला. तो थांबला नाही. मंजुळेच्या समोर चार हात अंतरावर बसला आणि काठी खाली ठेवली.

मंजुळा हसली. आलाच शेवटी. काठी टाकली. आता म्हणेल.

"बाई," सटवा म्हणाला, "दुसरा खरा व्हता."

ती हसतच राहिली, नुसते ओठ.

"म्याच पालथ्याचा उताणा केला त्येला. लाकडं म्याच रचली. कमरंला पंचाच्या शेवात पुडा व्हता. हिरव्या बांगड्या. पाटोद्याच्या कासाराच्या. डोस्कं सारं फुटलंतं बाई, पर बांगडी एकबी फुटली नव्हती. इचारा पाटलाला, पंचनाम्यात हाय का न्हाई, 'काचेच्या बांगड्या, डझन एक'."

मुहर्रिरानं दप्तरातून पंचनामा काढून बघितला आणि मान वर न करता म्हणाला, "है."

मंजुळेनं आपल्या हातांकडं बघितलं. दोन इकडं, दोन तिकडं. बाकीचा हात रिकामा. तो भरायला निघाले होते. मी बोलावलं म्हणून निघाले होते. इतके दिवस सगळ्या जगावर पसरलेलं ते पाणी एकाएकी ओसरलं आणि खांब खांबासारखा दिसला, लोखंड लोखंडासारखं, आणि सटवा म्हाताऱ्या, थकलेल्या, रडणाऱ्या माणसासारखा. ह्याच तोंडानं 'खोटं' म्हटलं होतं. आता ह्याच तोंडानं 'खरं' म्हटलं. दुसऱ्या कुणाचं तिनं ऐकलं नसतं.

मग ती रडली. शिल्लक ठेवलेलं सगळं.

अमीनसाहेबांचे डोळे ओले झाले. बहिणींची आठवण झाली असेल. त्यांनी जवानाला हातानं खूण केली, बेडी परत पोत्यात गेली. "औरत बेकसूर है," ते म्हणाले, "रोना झूठा नै है." सटवानं सांगितलेलं त्यांना पटलं नव्हतं. गावाचं 'न्हाई' त्यांनी तसंच लिहून घेतलं होतं. चार दिवस कोरडे डोळे म्हणून ती खुनी होती, आणि चार घटका ओले झाले म्हणून बेकसूर झाली. मुहर्रिरानं तसं लिहिलं, वाळू टाकली, दप्तर बांधलं.

गाव हळूहळू उठलं. मंजुळा उठली नाही. दिवस मावळेपर्यंत रडायचं असतं, ती तेवढं रडली. बायकांनी धरायला हात पुढं केले, ते तिनं सारले. साहेबांनी मागल्या अंगाला आपली सांजेची, मगरिबची नमाज पढली. परत येऊन ते घोड्यावर बसले तेव्हा घाटामागं सूर्य बुडाला होता.

मंजुळेचं रडणं थांबलं. तिनं चावडीच्या रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं. चारही बांगड्या काढून खांबापाशी ठेवल्या. पायऱ्या उतरली आणि घोड्याचा लगाम धरला.

"सोड बाई," जवान म्हणाला. "सुटलीस न्हवं?"

"म्या सुटले," मंजुळा म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता, पण पाठीमागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. "माझ्या नवऱ्याला मारलं कुणी? चार दिस झाले. म्या हसले का, जेवले का, रडले का, समदं इचारलं. ह्यो सवाल कुणी इचारला न्हाई."

पाटील खाकरला. बंकट, जो चार दिवस थांबला नव्हता, तो रडायचा थांबला. आता तो थांबला म्हणून त्यानंच मारला असं कुणी म्हणू नये. तसं म्हणणाऱ्यानं खुशाल अमिनाशेजारी खुर्ची टाकून बसावं. पण तो थांबला एवढं खरं, आणि ते सटवानं बघितलं, आणि ह्या वेळी घोड्यावरच्या माणसानंही बघितलं.

साहेबांनी रिकिबीतून पाय काढला. मग उतरले.

मुहर्रिरानं कुरकुरत दप्तराची गाठ सोडली, कोरा कागद काढला आणि विचारलं, कुठून लिहू.

वाडी जागच्या जागी थिजली. छबुबाईनं दुरूनच हात हलवला, नको म्हणून.

"बुधवारी सकाळी त्येंच्या डोस्क्यावर कावळा बसलाता," मंजुळा म्हणाली. "तितनं लिव्हा."